हॉलंड अँड हॉलंडची स्नायपर रायफल: कागद नंतर, आधी ठसे

लिलावाच्या यादीत ‘हॉलंड अँड हॉलंडने बनवलेली स्नायपर रायफल’ असे लिहिले की भाव चढलाच म्हणून समजा. पहिली गफलत तिथेच होते. दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश स्नायपर रायफल ‘नंबर 4 मार्क 1 (टी)’, टी म्हणजे टेलिस्कोप, या कंपनीने घडवलेली नाही. 1835 पासून राजेरजवाड्यांना आणि शिकाऱ्यांना बंदुका पुरवणाऱ्या या घराण्याकडे सप्टेंबर 1942 मध्ये सरकारने काम दिले ते तयार रायफलींवर दुर्बीण बसवण्याचे. लंडनच्या हॅरो रोडवर कंपनीचा 1898 सालचा कारखाना होता. तिथे रायफली पेट्यांनी येत आणि दुर्बीण बसली की निघून जात. युद्ध संपेपर्यंत अशा वीस हजारांहून जास्त रायफली तिथून गेल्या.

म्हणजे हातात आलेली वस्तू निदान चार ठिकाणची असते. रायफल बहुधा बीएसएच्या, म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स कंपनीच्या, शर्ली कारखान्यातली. दुर्बीण धरणारे ब्रॅकेट बऱ्याचदा गेन्सबरोच्या रोझ ब्रदर्सचे. यांचा मूळ धंदा मालाच्या पॅकिंगची यंत्रे करण्याचा. दुर्बीण कॅमेरे बनवणाऱ्या हॉटन-बुचरची, लीड्सच्या कर्शॉची किंवा लंडनच्या वॉटसनची. या सगळ्यांची सोयरीक जुळवली हॉलंड अँड हॉलंडने. त्यामुळे अशा रायफलीची वंशावळ काढायची म्हणजे या चारही घराण्यांच्या खुणा वाचायच्या आणि त्या एकमेकींना साक्ष देतात का ते पाहायचे. विक्रेत्याने पुढे केलेले प्रमाणपत्र सगळ्यात शेवटी वाचावे.

हात लावण्याआधी बोल्ट मागे ओढून कोठी रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने बघावे, मॅगझिन काढून बाजूला ठेवावे. मग रायफल डावी बाजू वर करून मऊ कापडावर आडवी ठेवावी. बरीचशी महत्त्वाची माहिती याच बाजूला आहे. एक टॉर्च, दहापट मोठे दाखवणारे भिंग, दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा, ट्रेसिंग पेपर आणि मऊ पेन्सिल एवढे सामान पुरते. टॉर्च समोरून मारू नये. पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून तिरपा धरला की पुसट ठशाच्या कडेला सावली पडते आणि समोरून न दिसणारा आकडा उठून येतो.

सुरुवात दस्ता जिथे लोखंडात शिरतो त्या बट सॉकेटपासून करावी. बीएसए शर्लीच्या रायफलीवर इथे M47C, खाली साल आणि नंबर असतो. युद्धकाळात कारखान्यांची नावे उघडी पडू नयेत म्हणून ब्रिटनने संकेतांक दिले होते: उत्तरेसाठी एन, मध्यभागासाठी एम, दक्षिणेसाठी एस. बीएसए म्हणजे M47, त्यातले ए रेडिच, बी स्मॉल हीथ, सी शर्ली. ही खबरदारी उगाच नव्हती. 19 नोव्हेंबर 1940 च्या रात्री स्मॉल हीथच्या कारखान्यावर जर्मन बॉम्ब पडले आणि आत काम करणारी पन्नासाहून अधिक माणसे गेली. त्यानंतर काम वेगवेगळ्या गावांत पांगवण्यावर भर आला.

शर्लीखेरीज मॉल्टबीच्या सरकारी कारखान्यातल्या रायफलीही हॅरो रोडला आल्या. अमेरिकेत चिकोपी फॉल्सला बनलेल्या सॅव्हेजच्याही काही आल्या. सॅव्हेजचा नंबर चटकन ओळखू येतो, कारण आकड्यांच्या मधोमध सी हे अक्षर असते आणि बॉडीवर, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या मुख्य लोखंडी भागावर, US PROPERTY लिहिलेले असते. कॅनडाच्या लाँग ब्रँचच्या (टी) रायफलींच्या नंबरात मधे एल असतो. त्यांना दुर्बीण कॅनडातच बसवली जाई, हॅरो रोडशी त्यांचा संबंध नाही. ‘लाँग ब्रँच, हॉलंड अँड हॉलंड कन्व्हर्जन’ असे एका दमात लिहिलेले दिसले तर पुढे वाचण्यात वेळ घालवू नये.

सॉकेटवर 1931 किंवा 1933 साल आणि ए अक्षराने सुरू होणारा नंबर असेल, तर ती वेगळी जात. एनफिल्डच्या सरकारी कारखान्याने चाचणीसाठी केलेल्या रायफलींपैकी सुमारे चौदाशे 1940-41 मध्ये तिथेच स्नायपर केल्या. 1940 मध्ये फ्रान्समधल्या डंकर्कहून सैन्य माघारी आले, त्यानंतर हत्यारांची इतकी टंचाई होती की चाचणीचा माल फडताळातून बाहेर काढावा लागला. यांच्यावर हॉलंड अँड हॉलंडचा ठसा नसतो आणि नसायलाच हवा. असेल तर प्रश्न विचारायचे.

सॉकेटवरच TR ही दोन अक्षरे शोधावीत. कारखान्यात रायफलीची नेमबाजी तपासताना जी चांगली निघे तिच्यावर हा ठसा पडे आणि ती बाजूला निघे. याचा अर्थ एवढाच की रायफल निवडली गेली. दुर्बीण बसवून, तपासून काम पुरे झाल्यावर बॉडीच्या डाव्या भिंतीवर T ठोकला जाई. TR आहे आणि T नाही, दुर्बिणीचे ब्रॅकेट जिथे बसते ती लोखंडी पॅडही नाहीत, अशी रायफल मिळाली तर ती निवड होऊनही कामाला न लागलेली. युद्धाच्या अखेरीस अशा बऱ्याच राहिल्या. नकली माल बनवणाऱ्यांना हीच रायफल सगळ्यात आवडते. निम्मा पुरावा अस्सल असतो, त्यांना फक्त T ठोकायचा आणि पॅड लावायचे असतात.

आता रायफल उलटी करून दस्त्याची खालची बाजू बघावी, ट्रिगर गार्डच्या मागे, मनगटाजवळ. इथे लाकडात S51 असा बारीक ठसा हवा. हॉलंड अँड हॉलंडचा संकेतांक हाच. एवढ्या मोठ्या घराण्याची सही म्हणून ती फारच गरीब दिसते. शिकारी बंदुकीवर हेच लोक सोन्याने नाव कोरत, इथे लाकडात तीन अक्षरे ठोकून मोकळे झाले. लक्षात ठेवायचे ते असे की ठसा दस्त्यावर आहे, लोखंडावर नाही. दस्ता फुटला, बदलला, की S51 त्याच्याबरोबर गेला. तो नसणे म्हणजे रायफल खोटी असे होत नाही. उलट सैल S51 दस्ते सुटे विकले जातात आणि साध्या रायफलीला चढवले जातात. म्हणून S51 चा पुरावा एकटा घेऊ नये.

त्या दस्त्याच्या वरच्या अंगाला, सॉकेटच्या लगेच मागे, आणखी एक नंबर असू शकतो. तो दुर्बिणीचा. ही पद्धत युद्धाच्या उत्तरार्धात पक्की झाली, त्यामुळे आधीच्या रायफलींवर तो नसेल तर शंका घेऊ नये. असेल तर मात्र तो सोन्यासारखा आहे. कधी कधी एक नंबर आडव्या रेघेने खोडून शेजारी दुसरा ठोकलेला दिसतो. नवखा माणूस इथे नाक मुरडतो. खरे तर सैन्यातल्या आर्मररने, म्हणजे हत्यारे दुरुस्त करणाऱ्याने, नादुरुस्त दुर्बीण बदलून दुसरी बसवल्याची ती नोंद आहे. याहून प्रामाणिक कागद तुम्हाला कुठल्याही दप्तरात मिळणार नाही.

आता पॅडकडे येऊ. बॉडीच्या डाव्या बाजूला पुढे एक गोलसर आणि मागे एक अशी दोन लोखंडी पॅड असतात, ब्रॅकेटचे दोन मोठे स्क्रू त्यांत बसतात. पुढचे पॅड तीन स्क्रूंनी, मागचे दोन स्क्रूंनी धरलेले. स्क्रू बसल्यावर त्यांच्या डोक्यांच्या कडा पंचने ठोकून जागीच दाबल्या जात, म्हणजे ते फिरू नयेत. ब्रॅकेटसकट दुर्बिणीचे वजन किलोभराच्या घरात जाते, आणि प्रत्येक गोळीला त्या वजनाचा धक्का पुढच्या पॅडवर येतो. त्यामुळे ते सैल होणे हा या रायफलीचा जुना आजार. पॅड हलले की नेम फिरतो, आणि शिपाई दुर्बिणीला दोष देत बसतो. सैल पॅडच्या कडेने तेलाची काळी रेघ उमटलेली दिसते, बोटाने दाबल्यावर ती ओली होते.

सैन्यात याचा उपाय म्हणजे पॅड काढून, साफ करून, सोल्डर लावून पुन्हा घट्ट बसवणे. म्हणून पुढच्या पॅडच्या कडेला सोल्डरची चंदेरी रेघ किंवा पंचच्या दुहेरी खुणा दिसल्या तर बिचकू नये. वेल्डिंगचा मणी मात्र दिसला तर ते काम युद्धकाळातले नाही. वेल्डिंगच्या तापाने बॉडीचे कठीण केलेले पोलाद मऊ पडते, आणि कोणताही सरकारी आर्मरर तसे करणार नव्हता. अशी रायफल गोळी मारण्यालायक आहे की नाही हे जाणकार गनस्मिथने ठरवल्याखेरीज तिच्यात काडतूस घालू नये. आणि कुतूहलापोटी पॅडचे स्क्रू स्वतः कधीही खोलू नयेत. दाबलेली कड एकदा तुटली की मूळ काम गेले, आणि तिथला एक पुरावा तुमच्याच हाताने पुसला.

ब्रॅकेट काढणे त्यापेक्षा सोपे: दोन बोटस्क्रू सैल केले की तो दुर्बिणीसकट निघतो. त्याच्या डाव्या अंगावर रायफलीचा नंबर ठोकलेला असतो. अक्षरासकट पूर्ण नंबर हवा. आतल्या बाजूला बनवणाऱ्याचा संकेतांक असू शकतो. N92 म्हणजे रोझ ब्रदर्स. ब्रॅकेट प्रत्येक रायफलीसाठी हाताने घासून बसवलेला असतो, म्हणूनच त्यावर नंबर घालायची गरज पडली. एका रायफलीचा ब्रॅकेट दुसरीला चढतो, पण दुर्बिणीची रेषा नळीच्या रेषेशी जुळेलच असे नाही. न जुळणारा ब्रॅकेट असला की दुर्बिणीचे बाजूचे चाक टोकापर्यंत फिरवूनही नेम मधोमध येत नाही. विक्रेत्याने निशाण्याचा कागद दाखवला तर एक प्रश्न विचारावा: बाजूचे चाक शून्यापासून किती घरे सरकवले होते? एका टोकाला अडकले असेल तर जोडी जमलेली नाही, नंबर काहीही म्हणोत.

नकली नंबर सर्वांत जास्त याच जागी घातले जातात, कारण कोऱ्या ब्रॅकेटवर हवा तो नंबर ठोकणे सोपे आहे. भिंगाखाली तीन गोष्टी बघाव्यात. ठोकल्यावर धातू कडेला किंचित फुगून येतो. जुन्या ठशाची ती कड हाताळून गुळगुळीत झालेली असते, नव्याची बोटाला टोचते. जुन्या ठशाच्या तळाशी मळ आणि तेल साचून काळे झालेले असते, नव्यात पोलाद चमकते किंवा कोल्ड ब्ल्यूची, म्हणजे पोलाद काळवंडवायला हाताने लावायच्या रसायनाची, निळसर झाक दिसते. आणि जुन्या नंबरावर नवा ठोकला असेल तर तिथे ब्रॅकेट घासून किंचित खोलगट झालेला असतो. पोलादी पट्टी आडवी टेकवली तर खालून उजेड येतो. हाताने एक एक आकडा ठोकलेला असल्यामुळे अस्सल नंबरही वाकडातिकडा असू शकतो. सरळ रांग हा खरेपणाचा पुरावा नव्हे, आणि वाकडी रांग खोटेपणाचा नव्हे.

लाकडातल्या ठशाला हीच परीक्षा थोडी निराळी. ठोकताना लाकडाचे तंतू दाबले जातात, आणि वर्षानुवर्षे तेल पिऊन तळ आणि कडा एकाच रंगाच्या होतात. तळ फिकट आणि कडा तीक्ष्ण असतील तर तो कालपरवाचा. ठसा वाचण्यासाठी लाकडावर खडू, पीठ किंवा ब्रासो चोळणारे लोक आहेत. ते करू नये. ट्रेसिंग पेपर ठेवून पेन्सिलचे शिसे आडवे घासावे, आकडा कागदावर येतो आणि लाकूड जसेच्या तसे राहते.

दुर्बीण नंबर 32 ही मुळात ब्रेन मशिनगनसाठी आखलेली होती, रायफलीसाठी ती हाताशी होती म्हणून घेतली. तिप्पट मोठे दाखवते, दृश्य नऊ अंशांचे, आत टोकदार उभा खांब आणि आडवी तार. नळीवर TEL. STG. No. 32, मार्क, बनवणाऱ्याची आद्याक्षरे, साल आणि तिचा स्वतःचा नंबर असतो. सोबतच्या साठा क्रमांकावरून मार्क पडताळता येतो: मार्क 1 ला O.S. 466 A, मार्क 2 ला O.S. 1650 A, मार्क 3 ला O.S. 2039 A. हॉटन-बुचर म्हणजे H.B.M.CO., कर्शॉ म्हणजे A.K. & S. कॅनडाची दुर्बीण असेल तर R.E.L.

मार्क 1 च्या बाजूच्या चाकाची एक टिकटिक दोन मिनिटांच्या कोनाची होती (एक मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग), म्हणजे शंभर यार्डांवर सुमारे दोन इंच. स्नायपरला ते फार ढोबळ. 1943 मध्ये आलेल्या मार्क 2 ने ते एका मिनिटावर आणले. शून्य बसवताना या दोन्ही प्रकारांत वेगळे अवजार घेऊन चाकाशी झटापट करावी लागे. 1944 च्या शेवटी आलेल्या मार्क 3 मध्ये चाकावरची मापपट्टी सैल करून सरकवता येऊ लागली आणि ती कटकट मिटली. बऱ्याच मार्क 1 दुर्बिणी पुढे सुधारून वरच्या मार्कात गेल्या, त्यामुळे नळीवर जुना मार्क खोडून नवा घातलेला दिसतो. हे सरकारी काम, दोष नव्हे.

इथे तारखांचा हिशोब कामाला येतो. रायफल 1943 ची आणि दुर्बीण 1945 ची मार्क 3, पण दस्त्यावर नंबर एकच, तोही न खोडलेला, आणि ब्रॅकेटही जुळणारा. वरवर सगळे गोड आहे. पण 1943 च्या रायफलीला पहिली दुर्बीण 1945 ची कशी मिळाली? शक्यता आहेत: दस्ता नंतर बदलला असेल किंवा रायफल उशिरा हॅरो रोडला पोहोचली असेल. त्यापैकी कोणती ते दस्त्याचे लाकूड, रंग आणि बाकीचे ठसे पाहून ठरवावे लागते. याउलट 1944 ची रायफल, त्याच वर्षाची दुर्बीण, एक नंबर खोडलेला, एक जुळणारा, ब्रॅकेट मूळचा: हिच्यावर मी जास्त विश्वास ठेवीन. सैन्यात वीस वर्षे राहिलेली वस्तू सगळीकडून जुळणारी आणि कोरीकरकरीत असेल तर आधी संशयच घ्यावा.

दुर्बिणी आणि रायफली वेगळ्या का झाल्या याचे कारण युद्धानंतरच्या विक्रीत आहे. सरकारने साठा काढला तेव्हा दुर्बिणी, पेट्या, सुट्या वस्तू अनेकदा निरनिराळ्या ढिगांत गेल्या. रायफल एका दुकानात, तिची दुर्बीण दुसऱ्या देशात. आज नंबरांच्या याद्या अदलाबदल करून असे जुने जोड पुन्हा जुळवणारे संग्राहक आहेत, आणि अधूनमधून जोड खरेच जुळतो. तो जुळला की ब्रॅकेटवरचा नंबर पुन्हा ठोकण्याची इच्छा आवरावी. जे आहे ते तसेच ठेवावे.

1970 च्या सुमारास ब्रिटिश सैन्याने यांतल्या हजारभर रायफली एनफिल्डला पाठवून नवी जाड नळी बसवली आणि 7.62 मिलिमीटरच्या केल्या. त्यांचे नाव एल 42. बॉडीवरचा T, पॅड आणि नंबर जुनेच, त्यामुळे अशा रायफलीला दोन जन्मांची वंशावळ लिहावी लागते. नळी, मॅगझिन आणि पुढचे अर्धे लाकूड पाहून ती लगेच वेगळी काढता येते. दुर्बीणही मार्क 3 वरून सुधारलेली, L1A1 असा नवा ठसा घेतलेली.

मागच्या साइटकडे सहसा कोणी बघत नाही, म्हणून तिथे खोटेपणा लवकर सापडतो. साध्या रायफलीत ही साइट पाडल्यावर वर येणारे, 300 यार्डांचे एक भोक असते. दुर्बीण खाली बसावी म्हणून (टी) रायफलीत ते कापून काढलेले असते. कापलेल्या जागी सरकारी कामात कड सरळ आणि रंगवलेली असते. कानशीच्या आडव्यातिडव्या रेघा आणि उघडे पोलाद दिसले तर कोणीतरी गॅरेजमध्ये बसून केलेले काम आहे. गालाखालचा लाकडी उंचवटा दोन स्क्रूंनी बसतो. तो सहज नवा मिळतो, म्हणून पुरावा म्हणून त्याला शून्य गुण.

नळीवरचे नागरी परीक्षेचे ठसे रायफल सैन्यातून केव्हा बाहेर पडली त्याचा अंदाज देतात. ब्रिटनमध्ये सामान्य माणसाला विकण्याआधी बर्मिंगहॅम किंवा लंडनच्या प्रूफ हाउसमध्ये जास्त दाबाची गोळी झाडून तपासणी होते. मुकुटाखाली BNP ही बर्मिंगहॅमची खूण, जवळच .303, 2.222 इंच ही काडतुसाच्या कोठीची लांबी आणि 18.5 टनांचा दाब. अमेरिकेत गेलेल्या मालावर ENGLAND किंवा आयातदाराचे नाव सापडते. 1968 च्या कायद्यानंतर ते नाव घालणे सक्तीचे झाले. हे ठसे मालाचे सौंदर्य बिघडवतात म्हणून घासून काढणारे महाभाग आहेत. घासलेली जागा ठशापेक्षा जास्त बोलते.

सगळ्यावर काळा रंग जाड थापलेला असेल तर तो सैन्याचाच असू शकतो. युद्धानंतर ब्रिटिश वर्कशॉप पोलादावरच्या फॉस्फेटच्या थरावर सनकोराइट नावाचा भाजून पक्का करायचा रंग लावत, आणि त्याखाली ठसे बुजून जातात. तो रसायनाने उतरवू नये. ठशातला रंग लाकडाच्या अणकुचीदार काडीने, थेंबभर तेल घेऊन, हलकेच मोकळा होतो. धातूची सुई वापरली की भिंगाखाली नवे ओरखडे दिसतात, आणि मग पुढचा खरेदीदार तुमच्यावरच संशय घेतो.

आता पेटी. (टी) रायफल लाकडी पेटीतून जाई, आत खाचा केलेल्या. दुर्बीण ब्रॅकेटसकट वेगळ्या पत्र्याच्या डब्यात, नंबर 8 च्या. डब्यावर रंगाने दुर्बिणीचा आणि रायफलीचा नंबर लिहिलेला असतो. नुसता डबा मिळाला तरी त्यावरून एक जोडी कागदावर पुन्हा उभी राहते, म्हणून रिकामे डबे टाकून देऊ नयेत. पेटीत स्काउट रेजिमेंटची पितळी लांबवायची दुर्बीणही असते. तिच्यावर ब्रॉडहर्स्ट क्लार्कसनचे BC & Co किंवा रायलंडचे HCR & SON दिसते. तिचा नंबर रायफलीशी बांधलेला नसतो, तेव्हा ‘सगळे जुळणारे’ म्हणून तिचे वेगळे पैसे देऊ नयेत. कधी पेटीसोबत जुनी काडतुसेही येतात. बुडाशी K आणि F आणि मधे बाण असेल तर ती आपल्या पुण्याच्या खडकी कारखान्याची. तो पुरावा काडतुसाचा झाला, रायफल भारतात होती याचा नव्हे.

कागदांचे काय? शिकारी बंदुकीचे या घराण्यांकडचे जाबते उत्तम असतात: नंबर, माप, गिऱ्हाइकाचे नाव, दिल्याची तारीख. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला जर्मन स्नायपर पोलादी पत्र्याच्या भोकामागे सुरक्षित बसत, तेव्हा ब्रिटिशांनी खंदकात हत्तीच्या शिकारीच्या रायफली आणल्या. त्यांत जेफ्रीची .333 होती. अशा रायफलीचा माग जाबत्यावरून खरेच लागतो, कारण तिला एक मालक होता. सरकारी कंत्राटाच्या रायफलीला गिऱ्हाईक एकच, सरकार. फार तर नंबर आणि रवानगीची तारीख मिळेल. ती कोणाच्या हातात गेली हे बंदूकवाल्याच्या वहीत नसते.

त्यासाठी लोक लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये, म्हणजे ब्रिटिश सरकारी दप्तरखान्यात, जातात. पलटणींच्या युद्ध-दैनंदिन्या तिथे आहेत: पहिल्या युद्धाच्या WO 95 मध्ये, दुसऱ्या युद्धातल्या वायव्य युरोपच्या WO 171 मध्ये, आग्नेय आशियाच्या WO 172 मध्ये. ब्रह्मदेशात लढलेल्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणींचा शोधही WO 172 मध्येच सुरू करावा. पण दैनंदिनीत हवामान, गस्त, जखमी लिहिलेले असते, रायफलीचे नंबर क्वचितच. ‘ही रायफल अमुक लढाईत होती’ असा दावा आला तर नंबर लिहिलेला त्या काळचा कागद मागावा: सह्यांची पावती, आर्मररची नोंद, सैनिकाची नंबरासकट टिपण. सैनिकाचा फोटो पुरत नाही. फोटोत एक रायफल असते, तीच ही हे कशावरून?

पहिल्या महायुद्धातल्या एसएमएलई, म्हणजे नंबर 4 च्या आधीच्या ब्रिटिश .303 रायफलीच्या, स्नायपर रूपाचे प्रकरण याहून किचकट आहे, आणि तिथे खासगी बंदूकवाले खरोखर अनेक होते. दुर्बीण पेरिस्कोपिक प्रिझम कंपनीची, बर्मिंगहॅमच्या ऑल्डिस ब्रदर्सची किंवा अमेरिकन विंचेस्टरची. ती बसवणारे पर्डी, हॉलंड अँड हॉलंड, वेस्टली रिचर्ड्स, रिग्बी, जेफ्री असे दर्दी लोक. प्रत्येकाच्या बैठकीची, म्हणजे दुर्बीण धरणाऱ्या जोडणीची, घडण वेगळी, म्हणून बैठकीच्या आकारावरूनच बसवणारा ओळखावा लागतो. दुर्बीण डावीकडे सरकवलेली असे, म्हणजे वरून क्लिपने पाच पाच गोळ्या भरता याव्यात. फ्रान्समध्ये लिंघेमला ब्रिटिशांची स्नायपर शाळा चालवणाऱ्या मेजर हेस्केथ-प्रिचर्ड यांनी या तिरक्या बैठकीवर सडकून टीका केली होती, आणि त्यांचे म्हणणे रास्त होते: खंदकातल्या पोलादी पत्र्याच्या भोकातून बघताना नळी आणि डोळा एका रेषेत नसत, दुर्बिणीतून वाट मोकळी दिसे आणि गोळी भोकाच्या कडेवर आदळे.

युद्धानंतर यांतल्या बहुतेकांच्या बैठका काढून रायफली साध्या केल्या गेल्या. म्हणून इथे अख्ख्या रायफलीपेक्षा उरलेल्या खुणा शोधाव्या लागतात. बॉडीच्या डाव्या अंगावर बुजवलेली भोके, त्याच बाजूच्या लाकडात पाडलेली आणि नंतर तुकडा चिकटवून भरलेली खाच. पेरिस्कोपिक प्रिझमच्या दुर्बिणीचे अंतराचे चाक त्या एका रायफलीसाठी आखलेले असे, म्हणून सुटी दुर्बीण मिळाली तरी तिच्यावर रायफलीचा नंबर कोरलेला सापडतो. तो नंबर टिपून ठेवावा. रायफल आज कुठे तरी साध्या वेषात भिंतीवर टांगलेली असेल.

भारतात .303 ही बंदी असलेली बोअर, सामान्य माणसाला परवाना मिळत नाही. इथून अभ्यास करणाऱ्याचे काम बहुतेक फोटोंवरच चालते. विक्रेत्याकडून किंवा परदेशातल्या मित्राकडून फोटो मागवताना नेमके सांगावे: बट सॉकेटची डावी बाजू, बॉडीची डावी भिंत T सकट, दोन्ही पॅड जवळून आणि तिरप्या उजेडात, ब्रॅकेटचा नंबर आणि आतली बाजू, दुर्बिणीच्या नळीवरचे सगळे अक्षर, दस्त्याचे मनगट वरून आणि खालून, मागची साइट उघडून, नळीच्या मुळाशी असलेले प्रूफचे ठसे, बोल्टच्या हँडलच्या मागचा नंबर, पुढच्या लाकडाच्या टोकाखालचा नंबर. प्रत्येक फोटोत मिलिमीटरची पट्टी हवी. ‘ते फोटो नंतर पाठवतो’ असे उत्तर ज्या जागेबद्दल येते, ती जागा वहीत लाल शाईने लिहून ठेवावी.